डोकं दुखतंय की डोक्याला ताप झालाय? इंग्रजीतल्या दुखण्यांची नवख्यांसाठी ओळख

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलांकडे राहायला म्हणून इंग्लंड-अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसाचं इंग्रजी बहुधा कामापुरतं चांगलं असतं. बातम्या कळतात, अर्ज भरता येतात. अडतं ते 'पेन' (pain), 'एक' (ache), 'हर्ट' आणि 'सोअर' या चार छोट्या शब्दांपाशी. तिथली माणसं हे शब्द दिवसभर दोन कामांना वापरतात. एक काम अंग दुखतं ते सांगण्याचं. दुसरं काम वैताग, राग, खंत आणि कधी चक्क कौतुक सांगण्याचं. मराठीतही असंच आहे. आपल्याही डोक्याला ताप होतो, शेजाऱ्याची गाडी बघून कुणाच्या पोटात दुखतं, कुणी जखमेवर मीठ चोळतं. पण त्यांच्या आणि आपल्या जोड्या सगळीकडे जुळत नाहीत, आणि गोंधळ तिथेच होतो.

या लेखात मी आधी दवाखाना घेतला आहे आणि गप्पा नंतर. गप्पांमध्ये अर्थ चुकला तर पुन्हा विचारता येतं. दवाखान्यात चुकला तर उपचार चुकू शकतो.

पहिली पायरी: कुठे दुखतंय ते नेमकं सांगा

वाक्प्रचारांच्याही आधी शरीराचे अवयव नीट लावून घ्या. मराठीत 'पाय' म्हणजे मांडीपासून तळव्यापर्यंत सगळं. इंग्रजीत घोट्याच्या वर 'लेग' आणि खाली 'फूट'. 'हात' तसाच: मनगटापर्यंत 'आर्म', पुढे 'हँड'. हाताचं बोट 'फिंगर', पायाचं बोट 'टो'. फोनवर डॉक्टरांशी बोलताना बोट दाखवून भागत नाही, म्हणून हे पाठच हवं.

सगळ्यात जास्त चुकते ती कंबर. 'कंबर दुखते' याचं आपण 'वेस्ट' करतो. पण 'वेस्ट' म्हणजे पट्टा बांधायची जागा. दुखते ती 'लोअर बॅक'. आणि 'बॅकसाइड' हा शब्द तर सोडूनच द्या. 'मागच्या बाजूला' या अर्थाने तो भारतात सर्रास चालतो, पण तिकडे त्याचा अर्थ फक्त कुल्ले. पाठ दुखत असेल तर 'बॅक' म्हणा, मागे 'साइड' जोडू नका.

दुसरी पायरी: कसं दुखतंय ते सांगा

इथे मराठी माणसाची बाजू भक्कम आहे, फक्त त्याला ते ठाऊक नसतं. ठणका, कळ, चमक, सणक, तिडीक, मुरडा, उसण, कसकस, जळजळ, चुरचुर, झिणझिण्या, हुळहुळणं: दुखण्याला एवढे शब्द असलेला माणूस इंग्रजीत मात्र 'व्हेरी मच पेन' एवढ्यावर थांबतो. डॉक्टरला 'व्हेरी मच'पेक्षा प्रकार कळणं जास्त उपयोगाचं असतं. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी रुग्ण दुखण्यासाठी कोणते शब्द वापरतात ते गोळा केले आणि 1975 मध्ये त्यांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात 78 शब्द आहेत, 20 गटांत लावलेले. शब्दावरून दुखण्याचा अंदाज बांधता येतो, हे त्यामागचं सूत्र. ती प्रश्नावली आजही वापरात आहे.

तेव्हा आपले शब्द त्यांच्या शब्दांशी जोडून ठेवा. दात किंवा गळू ठणकतं, ठसठसतं तेव्हा 'थ्रॉबिंग'. कंबरेतून पायात सणक जाते तेव्हा 'शूटिंग पेन', आणि करंट लागल्यासारखं वाटत असेल तर सरळ 'लाइक ॲन इलेक्ट्रिक शॉक' म्हणा. अशा शब्दांवरून डॉक्टर मज्जातंतूच्या दुखण्याकडे वळतात. सुरी खुपसल्यासारखं दुखतं ते 'स्टॅबिंग'. आग होते ते 'बर्निंग', खरचटल्यावर चुरचुरतं ते 'स्टिंगिंग'. पोटात मुरडा येतो तो 'क्रॅम्प', आणि कळ येऊन जात असेल तर 'इट कम्स अँड गोज इन वेव्ह्ज'. दिवसभर बारीक दुखत राहतं ते 'डल एक'. हलताना बारीकशी चमक येते ती 'ट्विंज'.

'सोअर' हा शब्द मला या सगळ्यांत फार उपयोगाचा वाटतो. हात लावला की दुखतं, हुळहुळतं, ते 'सोअर'. घसा दुखतो तोही 'सोअर थ्रोट'. आदल्या दिवशी सामान हलवलं आणि आज अंग आंबून गेलंय, तर 'आय ॲम सोअर ऑल ओव्हर'. पण तापाने अंग मोडून आलं असेल, कसकस वाटत असेल, तर 'सोअर' नाही, 'एकी' म्हणायचं, किंवा 'आय ॲम एकिंग ऑल ओव्हर'. फरक बारीक आहे, पण पहिल्यात डॉक्टर श्रमाबद्दल विचारतील आणि दुसऱ्यात तापाबद्दल.

पायाला मुंग्या आल्या तर त्यांच्याकडे मुंग्या येत नाहीत, 'पिन्स अँड नीडल्स' येतात. आणि 'ॲन्ट्स इन युअर पँट्स' हे वेगळंच प्रकरण: एका जागी न बसणाऱ्या चुळबुळ्या मुलाला तसं म्हणतात. रात्री पोटरीत गोळा आला तर ब्रिटनमध्ये 'क्रॅम्प', अमेरिकेत त्यालाच 'चार्ली हॉर्स' म्हणतात. बेसबॉलच्या मैदानावरून 1880 च्या दशकात आलेला हा शब्द आहे. उसण भरली तर ब्रिटिश माणूस 'आय हॅव डन माय बॅक इन' म्हणेल, अमेरिकन 'आय थ्रू माय बॅक आउट'.

उच्चाराचं एक सांगायला हवं. 'एक' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये 'सी-एच' असलं तरी उच्चार 'क'च होतो, त्यामुळे 'हेडेक', 'बॅकेक'. जुन्या काळी हे क्रियापद 'के' घालूनच लिहीत. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशात तो शब्द ग्रीकमधून आल्याचं चुकून धरलं आणि 'सी-एच'चं स्पेलिंग पक्कं झालं. आणि 'पेन' म्हणताना स्वर लांबवा, 'पेऽइन' असा. आपण लिहायचं पेन आणि दुखायचं पेन एकसारखंच उच्चारतो. फोनवर समोरच्याला कोडं पडतं.

आता भारतात चालणारे, तिकडे अडणारे काही शब्द. 'माय हेड इज पेनिंग' कळतं, पण कुणी तसं बोलत नाही. 'माय हेड हर्ट्स' किंवा 'आय हॅव अ हेडेक' म्हणा. 'सिन्स टू डेज' नाही, 'फॉर टू डेज'. 'लूज मोशन' हा शब्द बहुतेकांना उमगत नाही, 'डायरिया' म्हणा. गॅस झाल्याला ब्रिटनमध्ये 'विंड' म्हणतात. चक्कर येते त्याला 'गिडीनेस'पेक्षा 'आय फील डिझी' साधं. 'ॲसिडिटी'ला तिकडे 'हार्टबर्न' म्हणतात, आणि हा शब्द नीट लक्षात ठेवा. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत 'हार्टबर्न' म्हणजे मंत्रिपद न मिळालेल्याची धुसफूस. ब्रिटन-अमेरिकेत तो शब्द छातीतल्या जळजळीचा आहे, हृदयाचा नाही आणि धुसफुशीचाही नाही.

छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, आवळून धरल्यासारखं होतंय, असं असेल तर 'गॅस असेल' म्हणून गप्प बसू नका आणि वाक्प्रचारही शोधू नका. 'माय चेस्ट फील्स टाइट' किंवा 'क्रशिंग पेन इन माय चेस्ट' एवढं म्हणा आणि ब्रिटनमध्ये 999, अमेरिकेत 911 लावा. आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं एकाएकी दुखू लागलं तरी तसंच: 'द वर्स्ट हेडेक ऑफ माय लाइफ, इट केम ऑन सडनली'. हे शब्द ऐकले की समोरचा माणूस सावध होतो. आईवडील सोबत असतील आणि त्यांना इंग्रजी जमत नसेल, तर मराठी दुभाषा मागा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, आणि सरकारी पैसा घेणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांत ही सोय रुग्णाला फुकट मिळते. मागायला संकोच करू नका, आणि घरातल्या शाळकरी नातवंडाला दुभाषा करू नका.

तिसरी पायरी: डॉक्टर-नर्स काय म्हणतात ते ओळखा

ब्रिटिश नर्स सुई टोचण्याआधी 'शार्प स्क्रॅच' म्हणते. खरचटणार वगैरे काही नाही, सुई टोचणार. अमेरिकेत त्याच जागी 'लिटल पिंच' किंवा 'लिटल पोक' ऐकू येईल. 'यू मे फील सम डिसकम्फर्ट' याचा अर्थ दुखेल, आणि कदाचित बऱ्यापैकी दुखेल. दंतवैद्य 'प्रेशर' म्हणतो तेव्हाही तयारीत राहा.

मग येतो शून्य ते दहाचा प्रश्न: शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेत येईल तेवढं जास्त दुखणं, तुमचं किती? आपल्याकडची वडीलधारी मंडळी सहन करण्यात मोठेपणा मानतात आणि 'दोन-तीन' सांगून मोकळी होतात. नुसत्या आकड्यापेक्षा काय जमत नाही ते सोबत सांगा: झोप लागत नाही, जिना चढवत नाही, भांडं उचलवत नाही. 'सेव्हन, अँड आय कान्ट स्लीप ऑन दॅट साइड' या एका वाक्यात पुष्कळ कळतं.

चौथी पायरी: अंगाचं आहे की मनाचं, हे व्याकरणावरून ओळखा

आता दवाखान्याबाहेर येऊ. 'पेन'च्या आधी काय आलंय ते बघा.

'ही इज इन पेन': त्याला दुखतंय, वेदना होताहेत.
'ही हॅज अ पेन इन हिज शोल्डर': खांदा दुखतोय.
'ही इज अ पेन': तो वैताग आहे.

'इज'नंतरचा 'इन' गेला, 'अ' आला, की दुखणारा माणूस दुखवणारा होतो. ही खूण पक्की करून ठेवली की निम्मं काम झालं. वस्तू किंवा कामाबद्दलही तेच: 'पार्किंग हिअर इज अ पेन' म्हणजे इथे गाडी लावणं म्हणजे डोक्याला ताप.

'हर्ट' थोडा निसरडा आहे. 'ही इज हर्ट' म्हणजे लागलंय किंवा मन दुखावलंय, संदर्भ बघायचा. अमेरिकेत 'ही इज हर्टिंग' म्हटलं तर बऱ्याचदा मनाची किंवा पैशाची ओढाताण असते. 'सोअर'ही तिथे वेगळा वागतो: 'इज ही स्टिल सोअर ॲट मी?' म्हणजे अजून माझ्यावर धुमसतोय का. 'सोअर लूझर' म्हणजे हार न पचणारा, रडीचा डाव खेळणारा, आणि हा दोन्ही देशांत चालतो.

पाचवी पायरी: वैतागाची चढती भाजणी

'हेडेक' सर्वांत सभ्य. आपल्या 'डोकेदुखी'शी तंतोतंत जुळतो, कुठेही वापरा. 'पेन इन द नेक' त्याच्या वरचा, तोही चारचौघांत चालतो. त्याच्या वर मान सोडून खाली कुल्ल्यांवर यायचं: ब्रिटनमध्ये 'आर्स', अमेरिकेत 'ॲस'. तोच प्रयोग सौम्य करायचा तर अमेरिकन 'बट' म्हणतात, ब्रिटिश 'बॅकसाइड' म्हणतात. चॅटवर 'पीआयटीए' अशी चार अक्षरं दिसली तर ती हीच आहेत.

तुम्ही ती वापरावी का? माझं मत स्पष्ट आहे: समजून घ्या, वापरू नका. दुसऱ्याच्या भाषेतली शिवी किती जड आहे ते आपल्या कानाला कळत नाही. वर्षानुवर्षं राहिलेल्यांचाही अंदाज चुकतो. 'नेक' सगळीकडे पुरतं. फक्त खरोखर मान अवघडली असेल तेव्हा 'माय नेक इज स्टिफ' म्हणा, म्हणजे कुणी थट्टा समजणार नाही.

या भाजणीतला एक प्रयोग मात्र आवर्जून शिका, कारण ब्रिटिश ऑफिसात तो तेल-वंगणाचं काम करतो: 'सॉरी टू बी अ पेन'. एखाद्याला दुसऱ्यांदा काही मागायचं आहे, आठवण करायची आहे, तेव्हा ईमेलची सुरुवात अशी करतात: 'सॉरी टू बी अ पेन, बट कुड यू रिसेंड द फाइल?' म्हणजे 'पुन्हा त्रास देतोय, पण...'. 'काइंडली डू द नीडफुल'च्या जागी हे लिहून बघा, उत्तर लवकर येतं असा माझा अनुभव आहे. वरिष्ठांना पहिल्याच ईमेलमध्ये नको, ओळख झाल्यावर चालेल.

सहावी पायरी: ऐकायला वाईट, अर्थाने चांगले

नवखे इथे सर्वांत जास्त अडखळतात. कुणी तुम्हाला 'यू आर अ साइट फॉर सोअर आइज' म्हटलं, तर रागावू नका. तुम्हाला पाहून डोळे निवले, असा त्याचा अर्थ. याउलट 'आयसोअर' म्हणजे डोळ्यांना खुपणारी गोष्ट, बहुधा कुरूप इमारत. मराठीत एखाद्याची भरभराट डोळ्यांत खुपते. इंग्रजी 'आयसोअर'मध्ये मत्सर नाही, फक्त बेढबपणा आहे.

'पेन्सटेकिंग' हे शुद्ध कौतुक. तोडायचं ते 'पेन्स' आणि 'टेकिंग' असं: कष्ट घेऊन, बारकाईने केलेलं काम. 'पेन' म्हणजे कष्ट हा जुना अर्थ त्यात टिकून आहे.

'इन स्टिचेस' म्हणजे हसून हसून पोट दुखणं. पण 'ही नीडेड सिक्स स्टिचेस' म्हणजे खरेच सहा टाके. आणि पळताना बरगडीखाली जी कळ येते ती 'अ स्टिच'. 'यू आर किलिंग मी' हेही हसतानाच म्हणतात. 'माय फीट आर किलिंग मी' मात्र खरं दुखणं, दिवसभर उभं राहिल्यावरचं. 'इफ यू ट्विस्ट माय आर्म' यात जबरदस्ती नाही, कुणी केकचा दुसरा तुकडा पुढे केला की 'आता एवढा आग्रह करताय तर...' म्हणून हसत घ्यायचा, त्या वेळचं ते बोलणं आहे. रंगमंचावर जाणाऱ्याला 'ब्रेक अ लेग' म्हणतात, ती शुभेच्छा असते.

'सिक' तर तीन ठिकाणी तीन. अमेरिकेत आजारी. ब्रिटनमध्ये 'आय वॉज सिक' म्हणजे बहुतेक वेळा उलटी झाली. आणि तरुण पोरांच्या तोंडी 'दॅट्स सिक' म्हणजे एकदम भारी.

आपल्याकडून तिकडे शब्दशः नेऊ नये अशी मुख्य गोष्ट म्हणजे पोटदुखी. 'ही हॅज अ स्टमकेक' यात मत्सर कुणालाही दिसणार नाही, लोक औषध विचारतील. तिकडचं 'बेलीएकिंग' म्हणजे सततची कुरकुर. 'हार्टेक' कायम मनाचं, दवाखान्यात त्याचं काम नाही. जखमेवर मीठ चोळणं आणि पाठीत खंजीर खुपसणं मात्र जसंच्या तसं दोन्हीकडे आहे. हात शिवशिवण्यालाही 'इचिंग टू' जवळचा आहे. ते बिनधास्त वापरा.

सातवी पायरी: ऑफिसातली दुखणी

नवी प्रणाली सुरू होताना ज्या किरकोळ अडचणी येतात त्यांना ब्रिटनमध्ये 'टीदिंग ट्रबल्स' म्हणतात, बाळाला दात येतानाचा त्रास. कंपनी वाढताना होते ती ओढाताण 'ग्रोइंग पेन्स'. 'पेन पॉइंट' म्हणजे ग्राहकाला नेमका जिथे त्रास होतो ती जागा. माहिती काढून घेणं 'लाइक पुलिंग टीथ' होतं, म्हणजे एकेक शब्द ओढून काढावा लागतो. 'हिट अ नर्व्ह' म्हणजे दुखऱ्या नसेवर बोट पडलं. 'फील द पिंच' म्हणजे पैशाची चणचण जाणवणं. 'स्टिक आउट लाइक अ सोअर थम' म्हणजे खटकेल इतकं उठून दिसणं.

'बाइट द बुलेट' म्हणजे टाळत आलेलं कटू काम एकदाचं उरकणं. फटके खाताना आवाज निघू नये म्हणून शिपाई गोळी चघळत, अशी नोंद 1796 च्या लंडनमधल्या एका बोलीकोशात आहे. 'आय फील युअर पेन' हे 1992 च्या प्रचारात बिल क्लिंटन यांच्या तोंडी गाजलं. आज प्रिंटर अडकला तरी सहकारी ते म्हणतो, तेव्हा त्यात फार सहानुभूती शोधू नका.

आणि 'इट वुडन्ट हर्ट टू चेक अगेन'. साहेब असं म्हणाले तर ती ऐच्छिक सूचना नाही. 'पुन्हा एकदा बघून घ्या' हा आदेशच आहे, मवाळ आवाजात दिलेला. बघून घ्या आणि तसं कळवा.

'नो पेन, नो गेन' व्यायामशाळेत ठीक आहे. शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपी चालू असेल तर ते मनावर घेऊ नका. व्यायामात दुखणं वाढलं तर तिथेच थांबून थेरपिस्टला 'इट हर्ट्स मोअर व्हेन आय डू दिस' म्हणून सांगा.

आठवी पायरी: आपलंसं करताना

नवा प्रयोग कानावर आला की अर्थाच्या आधी कोण कुणाला म्हणालं ते टिपा: साहेब कारकुनाला, दोन मैत्रिणी एकमेकींना, की नर्स रुग्णाला. शब्दकोशात पाहताना त्याला 'इन्फॉर्मल', 'ऑफेन्सिव्ह' किंवा 'व्हल्गर' अशी पाटी आहे का तेही बघा. शेवटच्या दोन पाट्या असतील तर तो फक्त कळण्यापुरता ठेवा.

पहिले काही महिने स्वतः बोलायला 'हेडेक', 'सॉरी टू बी अ पेन' आणि 'पेन इन द नेक' एवढे तीन पुरे. बाकीचे ऐकू द्या. दवाखान्याचे शब्द मात्र आजच फोनमध्ये लिहून ठेवा, मराठी शब्दासमोर इंग्रजी, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्येही मोठ्या अक्षरांत घाला. सोबत त्यांची औषधं, ॲलर्जी आणि घरचा पत्ता असू द्या.